मानपत्रावरचं गुलाबपाणी

आमच्या भोकरदनच्या शाळेत तीन प्रिंटर होते आणि त्यांची उतरंड माणसांसारखीच होती. ऑफिसच्या कोपऱ्यात जुना डॉट मॅट्रिक्स. त्याच्या बारीक सुया शाईच्या फितीवर ठोसे मारत आणि मागच्या कागदावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटे. पगारपत्रक निघू लागलं की त्या आवाजानं शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबे. नुकसान फारसं होत नसे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर लेझर. तो काळी भुकटी कागदावर भाजून पक्की करी. आणि भरतकामाच्या रुमालाखाली संस्थेच्या अध्यक्षांनी भेट दिलेला रंगीत इंकजेट. तो शाईचे सूक्ष्म थेंब उडवतो, म्हणजे मुळात रंगीत पाणीच, हे त्याच्या उद्घाटनाच्या भाषणांत कुणी सांगितलं नव्हतं.

आमचे बडे बाबू, म्हणजे ऑफिसातले मुख्य कारकून, निवृत्त होत होते. जन्मभर दुसऱ्यांची मानपत्रं टाइप केलेल्या माणसाला स्वतःचं एक हवं होतं.

"आष्टीला घर बांधलं, सर. बैठकीत लावायला एवढंच पाहिजे. पाहुणे विचारतेत, इतके वर्षं काय केलं म्हून."

मजकूर मी लिहिला. तो लेझरवर काढणार, तोच अध्यक्ष आले.

"काळंपांढरं दुखवट्यावानी दिसतं. आपल्या रंगीतवर काढा. अन् वर माझा फोटो घ्या."

फोटो आले. अध्यक्ष पाकिटाएवढे, बाबू तिकिटाएवढे.

"साहेब, ही शाई पाण्यानं पसरते. काच बसवू या."

"काचेवर चमक मारते. तुम्ही मराठी शिकवा, सर."

समारंभात शाल झाली, फेटा झाला. बाबू मानपत्र छातीशी धरून फोटोसाठी उभे राहिले आणि अध्यक्षांनी गुलाबदाणी उचलली. ते गुलाबपाणी शिंपडत नाहीत, कपाशीवर फवारणी करावी तसं मारतात. आधी कागदावरच्या अध्यक्षांचा फेटा सुटला. मग मिशी ओघळून बाबूंच्या फोटोवर आली आणि तिथून मजकुरात शिरली.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, साहेब वितळून राह्यले!"

"गरमी लई हाय," अध्यक्ष म्हणाले आणि आणखी थोडं शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी बाबू ऑफिसात हजर. "सर, मजकूर हाय ना? मंग काढा की."

लेझरसाठी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "अध्यक्षांना विचारावं लागेल." बाबू सरळ कोपऱ्यात गेले. आपल्या जुन्या डॉट मॅट्रिक्ससमोर बसले.

"याच्यावर फोटो धड येणार नाही, बाबू."

"माझा येणार न्हाई, बराबर. पण त्यांचा बी येणार न्हाई ना?"

सुया किंचाळू लागल्या. शेजारचा वर्ग थांबला.

तो कागद आता आष्टीच्या बैठकीत आहे, प्रिंटरनं कागद ओढायच्या कडेच्या भोकांसकट, जाड काचेखाली. मध्यंतरी अध्यक्ष तिथं चहाला जाऊन आले, मी सोबत होतो. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"छान हाय. पण यात आमचं तर काहीच न्हाई."

"चहा घ्या, साहेब," बाबू म्हणाले. "थंडा व्हायलाय."