अकरा चुरगळलेले कपडे आणि आईचा एक फोटो

शनिवार, १९ ऑक्टोबर. हजर: मी; आई, वय सत्त्याहत्तर; धाकटा भाऊ, फक्त सकाळपुरता, कारण नंतर त्याला लोहगडवाडीतला स्टॉल उघडायचा होता; आणि वरच्या दोन खोल्यांत मुंबईहून आलेले चौघे पाहुणे. त्यांत एक स्टायलिस्ट मुलगी, एक फोटोग्राफर आणि दोन मॉडेल मुली, पैकी एक पोलंडची. गैरहजर: भावाची बायको, माहेरी गेलेली. ती असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण सकाळच्या वेळी ती आईला एकटीला सोडत नाही.

हे मी वहीतून उतरवते आहे. नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक माल. इतकी वर्षं हेच केल्यामुळे घरीही वही आली. लोहगडाच्या पायथ्याशी आमचं घर आहे. वरचा मजला बांधला तेव्हापासून शनिवार-रविवारी दोन खोल्या पाहुण्यांना देतो, आणि पाहुण्यांनी कधी काय मागितलं तेही वहीत आहे. ती पानं चाळली की माझं डोकं फिरतं.

सुरुवातीला सगळे विचारायचे, टीव्ही केवढा आहे. टीव्ही घेतला. मग सगळ्यांना तंबू हवे झाले. वर पक्की खोली, गादी, पंखा असताना माणसं अंगणात कापडाखाली झोपून डास मारत बसायची. तंबू घेतले. मग लॅपटॉपवाले आले. त्यांना वायफाय पाहिजे, टेबल पाहिजे, पाठीला बरी अशी खुर्ची पाहिजे. तेही झालं. दोन वर्षांनी त्याच माणसांचे फोन: आम्हाला मोबाइलपासून लांब राहायचंय, तेवढं वायफाय बंद ठेवाल का? टीव्हीही नको झाला, तो खाली आणला. आता भाऊ बघतो. यंदा एका बाईंनी विचारलं, फरशी कशाला, शेणाने सारवलेली जमीन नाही का? मी सांगितलं, होती, फार खटपटीने घालवली. त्यांनी दुसरीकडे बुकिंग केलं.

तर शुक्रवारी संध्याकाळी चहा पिता पिता त्या स्टायलिस्ट मुलीने मला आता नवीन काय ते समजावलं. ती ठाण्याची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, बोलायला गोड.

"ताई, आता जगभर लोकांना मिरवायचा कंटाळा आलाय. पाच दिवसांत तीन देश, विमानतळावर नवा ड्रेस, ते सगळं संपलं. आता एकाच खेड्यात जाऊन राहायचं. काही बघायचं नाही, काही करायचं नाही. कपडेही तसेच. सुती, सैल, चुरगळलेले. आपण काही ठरवून घातलंय असं वाटता कामा नये."

"त्यासाठी तुम्ही चौघं चार बॅगा घेऊन आलात," मी म्हटलं.

"सहा. तसं दिसायला खूप तयारी लागते ना, ताई."

याच कपड्यांचे फोटो काढायला ते आले होते. एका कंपनीचे कपडे, आमच्या अंगणात, आमच्या विहिरीपाशी, आमच्या ओसरीवर. बोलता बोलता तिचं लक्ष आईकडे गेलं. "आजींनाही एका फोटोत घेऊ या का?"

आई खाटेवर बसून सगळं ऐकत होती. तिला फोटो हवाच होता. वडील गेले तेव्हा त्यांचा धड फोटो सापडला नाही. एका जुन्या कार्डावरचा मोठा करून घेतला, त्यात एक कान गेला आणि सरकारी शिक्क्याची कड गळ्यापाशी आली. तसाच तो भिंतीवर आहे. तेव्हापासून आई माझ्या मागे लागली आहे. "माजं असं करू नका. मी हाय तवर एक धड फोटो काडून ठिवा. आधारवरचा लावला तर भिंतीवरनं खाली उतरीन." मागे एकदा लोणावळ्याच्या एका स्टुडिओत नेलं होतं. त्यांनी तिला इतकी गोरी केली, की तिने फोटो हातात घेऊन विचारलं, "ही कोन बाई?" आणि परत केला.

त्यामुळे फोटोग्राफर "आजी, उद्या तुमचा एकदम मस्त काढतो" म्हणाला, तेव्हा आईने त्याला लगेच दुरुस्त केलं.

"मस्त नको. माज्यासारका काड."

मग तिने साडीही सांगून टाकली. दसऱ्याला विहारात नेसलेली, पांढरी, निळ्या काठाची. स्टायलिस्ट म्हणाली, "उद्या बघू हं, आजी."

शनिवारी पहाटे चौघेही उजेड बघायला गडावर गेले. मी दूध-भाजी आणायला मळवलीला गेले. भाऊ मागे भज्यांचे कांदे चिरत होता. आई गच्चीवर गेली.

गच्चीच्या कठड्यावर अकरा कपडे होते. ते असे: ओले करून दोरखंडासारखे पिळलेले, गाठी मारलेले, वरून सुतळीने बांधलेले. तसेच वाळले की हव्या तशा चुण्या पडतात म्हणे. हे मला नंतर कळलं. आईला कोणी सांगितलं नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की शहरातल्या पोरी, धुवायची सवय नाही, पिळून तशाच टाकून गेल्या. तिने सुतळ्या सोडल्या, गाठी सोडवल्या, अकराही कपडे पुन्हा खळबळून काढले आणि झटकून दोरीवर टाकले. पातळ कापड, ऑक्टोबरचं ऊन. नऊपर्यंत वाळले. मग तिने इस्त्री लावली.

मी साडेनऊला आले तेव्हा ती सातव्या कपड्यावर होती. मला वाटलं, पाहुण्यांनी सांगितलं असेल. विचारलं नाही. ही माझी चूक, वहीत तशी नोंद आहे.

आमच्या घरात इस्त्रीचं प्रकरण जुनं आहे. आईचे वडील रेल्वेत गँगमन होते. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि घरात नियम केला: यापुढे या घरातलं माणूस मळक्या, फाटक्या किंवा चुरगळलेल्या कपड्यांत बाहेर पडणार नाही. घरात इस्त्री कुठली? पितळी तांब्यात निखारे भरायचे आणि तो तांब्या कपड्यावरून फिरवायचा. आई तेव्हा नऊ वर्षांची. ते काम तिच्याकडे आलं. गावातल्या काहींना ते कडक सदरे खुपायचे. "कुटं निगाली स्वारी?" असं मुद्दाम विचारायचे. आजोबा थांबून, सरळ उभे राहून सांगायचे, "कामावर." पुढे आईने बालवाडी चालवली, तर ती आधी पोरांच्या सदऱ्यांची बटणं नीट लावायची आणि मग अक्षरं काढायची. तिच्या घरातून चार पाहुण्यांनी चुरगळून बाहेर पडावं, हे तिला झेपणारच नव्हतं.

साडेदहाला मंडळी गडावरून उतरली. ओसरीतल्या टेबलावर अकरा घड्या, एकावर एक, कडा जुळवून.

स्टायलिस्टने तोंडावर हात ठेवला. "हे कोणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "तुमी पिळून तसंच टाकून गेलता. वास मारला असता."

"आजी, ते मुद्दाम होतं!"

"काय मुद्दाम?"

"चुरगळलेलं! तेच तर डिझाइन आहे. रात्री दोन तास बसून बांधले होते मी."

आईने वरच्या घडीवरून हात फिरवला. "चुरगळायचं डिझाइन?"

मागून भाऊ पिठाचे हात घेऊन आला. "झालं का, आई? यांच्या दोन तासांवर फिरवलीस इस्त्री."

"तू गप. आदी सोताचा सदरा बग."

पोलंडची मुलगी एक शर्ट उचलून त्याचा वास घेत होती आणि हसत होती. तिला तो तसाच घालायचा होता, हे मलाही कळलं. स्टायलिस्टने तो तिच्या हातातून काढून घेतला. ती रडायच्या बेतात आली होती. पहिल्यांदाच एकटीवर काम सोपवलेलं, दुपारी चारनंतर डोंगराआड ऊन जाणार, आणि संध्याकाळी फोटो पाठवायचे. मला तिची कीवही येत होती आणि रागही येत होता. त्या घाईत ती बोलून गेली:

"अहो, आम्हाला गावातल्या साध्या माणसांसारखं दिसायचं होतं. गावात कोण इस्त्री करतं?"

आईने घड्यांवरचा हात काढून घेतला.

"कुटल्या गावात?" आईने विचारलं.

"म्हणजे... असंच. गावात."

"हितं मी करते. नऊ वर्सांची होते तवापासनं करते." एवढं बोलून ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी काय करणार? कामाला लागले. दोन बादल्या, पाणी, सुतळी. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला स्टायलिस्ट, पीळ घालायचा, गाठ मारायची, तापलेल्या पत्र्यावर टाकायचं. आयुष्यभर मला सुरकुती मोडायला शिकवलं आणि पन्नाशी उलटल्यावर मी माझ्याच दारात कपड्यांना सुरकुत्या घालत बसले, तेही आईने नुकत्याच काढलेल्या. स्टायलिस्ट म्हणाली, "सॉरी, ताई, आजींना राग आला का?" मी म्हटलं, "तुम्ही पिळा आधी." मला चिंता वेगळीच होती. आई एकदा आत गेली की बाहेर येत नाही, आणि फोटोग्राफर काही पुन्हा पायथ्याशी राहायला येणार नव्हता. एवढ्या वर्षांनी योग आलेला, तो अकरा कपड्यांपायी जाणार असं दिसत होतं.

एक वाजता दार उघडलं. आई पांढरी साडी नेसून आली. निऱ्या जागच्या जागी, काठ सरळ, केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. कोणी बोलवायच्या आत ओसरीतल्या खुर्चीवर बसली.

"काड."

स्टायलिस्ट तपकिरी रंगाचं एक चुरगळलेलं कापड घेऊन पुढे झाली. "आजी, फक्त फोटोपुरतं हे अंगावर..."

"न्हाई."

"मग चष्मा तरी काढाल?"

"चष्मा काडला तर तू दिसत न्हाईस. मग बगू कुनाकडं?"

फोटोग्राफर मुलगा समजूतदार होता. "असू दे, असंच छान आहे," म्हणाला आणि दहा-बारा फोटो काढले. मग कॅमेरा तिच्यापुढे धरून एकेक दाखवला. चौथ्या की पाचव्या फोटोवर तिने त्याचा हात धरून थांबवलं. बराच वेळ बघितलं. त्या फोटोत ती समोर बघत होती, तोंड मिटलेलं, बालवाडीच्या दारात उभी राहायची तशी.

"ही मी," आई म्हणाली. "ह्योच द्या."

"आठवड्यात पाठवतो, आजी."

मी त्याचा नंबर घेतला, माझा दिला, दोनदा वाचून दाखवला. चार वाजता मंडळी गेली. कपडे पुरेसे चुरगळले होते की नाही, मी विचारलं नाही.

आठवड्यात काही आलं नाही. दोन आठवड्यांनी एक फोटो आला. आईचे दोन हात. गुडघ्यावर ठेवलेले, शिरा दिसताहेत, खाली साडीचा थोडा काठ. सगळ्याला चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा रंग दिलेला. निळा काठ राखेसारखा. फोटो वाईट नाही. तसे फोटो हल्ली मासिकात असतात.

मी आईला दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा केला, मग बोटाने खाली खाली सरकवत राहिली, वर चेहरा असेल म्हणून. वर काही नव्हतं.

"त्वांड कुटं हाय?"

"कापलंय, आई."

"का?"

"हल्ली तसंच काढतात म्हणे."

तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "मी गेल्यावर हाताला हार घालनार का तुमी?"

मी त्याच दिवशी फोटोग्राफरला फोन केला. "ताई, सगळे मूळ फोटो कंपनीला दिले, माझ्याकडे ठेवायची परवानगी नाही. स्टायलिस्टला विचारा." स्टायलिस्टला विचारलं. ती जॉर्जियात होती. तिथलं एक खेडं आता सगळ्यांना बघायचंय म्हणे. "आल्यावर नक्की बघते, ताई." ती आली, आणि कंपनीचा पत्ता देऊन पुन्हा कुठे तरी गेली. कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं, आपली विनंती नोंदवून घेतली आहे. दुसऱ्या पत्रालाही तेच उत्तर. मी स्टोअर्समध्ये काम करते. नोंदवून घेतलेल्या गोष्टींचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको.

दरम्यान तो हातांचा फोटो कुठे कुठे फिरला. परवा वरच्या खोल्यांसाठी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. खोल्या कशा आहेत, जेवण काय, पाणी गरम मिळतं का, यांतलं तिने काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "ते हात ज्यांचे आहेत त्या आजी तिथेच असतात ना? आम्हाला त्यांच्यासोबत शूट करायचंय."

मी फोनवर हात ठेवून आईला सांगितलं.

"त्यांना म्हनाव, आदी माजं त्वांड आना," आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

भावाचं म्हणणं, आपण मोबाइलवर काढू. आईला ते चालत नाही. तिला तोच पाहिजे, तिने बोट ठेवलेला. तो कुठल्या तरी कॉम्प्युटरमध्ये आहे, म्हणजे आहे. नाहीसा झालेला नाही. आणि दर रविवारी सकाळी ती विचारते, आला का?

आज रविवार. गॅस सिलिंडर, वरच्या खोलीतला गळका नळ, भावाच्या स्टॉलचं कांद्याचं पोतं, एवढं सकाळी उरकलं. कंपनीला तिसरं पत्र लिहायचं होतं, ते अजून राहिलं आहे.