सोबतीचं माणूस

देवरुखच्या एसटीने मला सकाळी परळला उतरवलं. मुंबई मी प्रथमच पाहत होते. दादाला एचआयव्ही असल्याचं त्याने पत्रातून कळवलं होतं. गोळ्या मोफत मिळणार होत्या, पण सुरू करण्याआधी सोबत घरचं माणूस आणा, असं दवाखान्यात सांगितलं होतं. म्हणून मी शिकवते त्या शाळेत रजा टाकून आले.

दादा लालबागला आमच्या गावच्या गाळ्यात (गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत) राहायचा. गिरण्यांच्या संपात नोकरी सुटली, तेव्हापासून शिवडीच्या गोदामांत हमाली करत होता. चाळीचा पत्ता विचारत मी मसाल्याच्या गल्लीत शिरले आणि मिरच्यांच्या खकाण्याने डोळे वाहू लागले. एक दुकानदार म्हणाला, "ताई, रडू नका. मागचीच चाळ तुमची."

खोलीत भिंतीला ट्रंका रचलेल्या होत्या. दादाचं अंथरूण मात्र बाहेर, जिन्याखाली होतं.

"घाबरतात गो सगळे," तो म्हणाला.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाई शांतपणे बोलल्या. "गोळ्या जन्मभर घ्यायच्या, रोज ठरल्या वेळी. तुम्ही परत जाल. इथे यांच्याकडे लक्ष कोण देणार? जे देतील त्यांचं नाव द्या, मग सुरू करू."

दुपारी गाळ्यातल्या एकेकाला विचारलं. कुणी कामाच्या पाळीचं कारण सांगितलं, कुणी नुसतीच मान फिरवली.

"मी गावालाच येतो, सुमे," दादा म्हणाला.

"तिथे हे औषध नाही. नाव मिळाल्याशिवाय मी हलणार नाही."

दादा शेवंताबाईंच्या खाणावळीत जेवायचा. तो 'सांग' म्हणाला, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापायच्या थांबल्या.

"हे कळलं तर माझी निम्मी पानं उठतील, बाय."

"उठतील," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या, "संपात माझा नवरा क्षयाने गेला. औषध मिळत होतं. पण मी दिवसभर लोकांकडे भांडी घासायची, तो गोळ्या घेतो की नाही बघायला कोण होतं? माझं नाव लिही. यानं माझ्यासमोर गोळी घ्यायची. चुकला तर वाढायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात अंगठा दिला आणि दादाला गोळ्या मिळाल्या. परत येऊन मी त्याचं अंथरूण उचललं आणि गाळ्यात नेऊन पसरलं. "या खोलीत आमच्या वडिलांचाही वाटा आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. कुणी ते पुन्हा बाहेर काढलं नाही. कुणी जवळही सरकलं नाही.

निघायच्या दिवशी खाणावळीत तीन पानं कमी होती. शेवंताबाईंनी दादाला कोपऱ्यातून उठवून पंगतीत मधोमध बसवलं.

गावी सगळे विचारतात, मुंबईत काय पाहिलंस? समुद्र राहिला, सिद्धिविनायकही राहिला. माणसाला औषधाइतकीच माणसाची गरज असते, हे मात्र जवळून पाहिलं. आता दर महिन्याला मी शेवंताबाईंना पत्र टाकते. उत्तरात त्या कुणाकडून तरी एकच ओळ लिहून घेतात: 'भाऊ जेवतो, गोळी घेतो.' तेवढं वाचते आणि शाळेत जाते.