नखाएवढे बेडूक

माझी नणंद जयलक्ष्मी पाचवीपर्यंत शिकली. सासूबाईंचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा त्यांचं करायला तिला शाळेतून काढलं, आणि सासूबाई त्यानंतर एकोणीस वर्षं जगल्या. तोवर तिच्या लग्नाचा विषय कुणी काढेनासं झालं होतं. मी १९६८ साली तंजावरच्या या मराठी घरात सून म्हणून आले, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मी तिरुचीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, चौदाव्या वर्षापासून रोज इंग्रजीत डायरी लिहिणारी. घरात सगळे माझ्या लिहिण्याला मान देत. जयालाही त्याचं फार कौतुक होतं. ती माझ्या डायरीवर धूळ बसू देत नसे.

आमच्या परसात दगडांनी बांधलेलं एक लहानसं तळं होतं. त्याला आम्ही सगळे तमिळप्रमाणे कुट्टैच म्हणायचो. विहिरीवरचं सांडलेलं पाणी त्यात जाई. कडेला केळी, चिखल आणि गुडघाभर गवत. जया सकाळी अंघोळ करून फुलं काढायला आणि संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायला तिथे जायची. सोवळ्यात असल्यामुळे बेडकाला हात लावायचा नाही, पायही लागू द्यायचा नाही. म्हणून ती जागच्या जागी उभी राहून आधी कान द्यायची, मग बघायची, मगच पाऊल टाकायची. पन्नास वर्षं तिने हेच केलं.

माझे यजमान गेल्यावर, म्हणजे २०११ नंतर, मला संध्याकाळ खायला उठायची. मी तिच्याबरोबर परसात जाऊ लागले आणि बेडकांची नोंद ठेवू लागले. माझी पद्धत वेगळी होती. मी बेडूक काचेच्या बरणीत धरायची, बरणीबाहेरून पट्टी लावायची, रंग लिहायची आणि सोडून द्यायची. मोठे दोन प्रकार मला पुस्तकावरून सहज ओळखता आले. प्रश्न होता तो अगदी बारक्यांचा. अंगठ्याच्या नखाएवढे, तपकिरी, पाठीवर गडद नक्षी, तोंड निमुळतं.

"पिल्लू," मी म्हटलं आणि तसं लिहिलं.

"पिल्लू कुठचं, वैनी? म्हातारा आहे तो. फणी म्हणते मी त्याला. ऐक की."

गवतातून आवाज येत होता. फणीच्या दातांवरून नख ओढावं तसा, पण अंगणापलीकडे ऐकू जाईल इतका मोठा.

"मोठ्या बेडकाचं पोर आहे. पोरं ओरडतातच. तू लहानपणी ओरडत नव्हतीस?"

"मी ओरडले असते तर शाळा सुटली नसती," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले.

तिने पुष्कळ प्रयत्न केला. एकदा मला हाताला धरून कडेला नेलं आणि पाण्यात दाखवलं. काचेसारखी आरपार दिसणारी, पाण्याच्या मधोमध लटकलेली इवलीशी पिल्लं. "ही फणीची. मोठ्यांची काळी असतात, तळाशी चिखलात. आई वेगळी म्हणून पिल्लं वेगळी." मी म्हटलं, माशांची असतील. दुसरा एक लालसर बेडूक ती कुंकवाचा म्हणून वेगळा मोजायची. त्यालाही मी पिल्लूच लिहिलं. शाळेत सिस्टरनी भिंतीवर लावलेला तक्ता माझ्या डोळ्यांपुढे होता. अंडं, शेपटीवाला, पायवाला, लहान बेडूक, मोठा बेडूक. लहान म्हणजे मोठ्याच्या आधीचा. आठ वर्षं मी तेच लिहीत राहिले.

२०१९च्या मे महिन्यात माझा मुलगा श्रीकर चेन्नईहून आला. गल्लीत दोघांना डेंग्यू झाला होता. तळं बुजवून वर सिमेंट करायचं त्याने ठरवलं. मला पाय घसरायची भीती राहणार नाही, घराच्या मागच्या भागातल्या भाडेकरूंना स्कूटर लावायला जागा होईल. त्याचं काही चुकीचं नव्हतं.

जया स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. घरातल्या कुठल्याही ठरावाच्या मध्ये ती कधी बोललेली मला आठवत नाही.

"श्रीकर, बुजवू नको. त्यात राहणारे आहेत."

"आत्या, बेडकांसाठी जनरल बॉडी मीटिंग बोलवायची का?"

"थट्टा करू नको रे. ते दुसरीकडे जात नाहीत. इथेच होतात, इथेच म्हातारे होतात. आणि डासांची अळी तेच खातात."

श्रीकर माझ्याकडे वळला. "आई, तू इतकी वर्षं लिहितेस. खरंच काही आहे का त्यात?"

मी डायरी आणली, चष्मा लावला आणि वाचून सांगितलं. मोठे दोन प्रकार, ते कालव्यातही आहेत. बाकी पिल्लं. मोठी झाली की निघून जातात.

जया माझ्याकडे बघत राहिली. "वैनी, तू तरी सांग त्याला," एवढंच म्हणाली.

"सांगितलं ना मी," मी म्हटलं.

तीन दिवसांत काम झालं. ऐप्पसी महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून, इथला मोठा पाऊस सुरू होतो. त्या वर्षी तो भरपूर पडला. जया दिवा लावून सवयीने उभी राहिली. सिमेंटवर पाणी वाहत होतं. ती कान देऊन होती. आत आल्यावर तिने बेडकांचा विषय काढला नाही, पुढे तीन वर्षंही नाही.

तीन वर्षांनी मागच्या भागात नवे भाडेकरू आले. त्यांची मुलगी दिव्यश्री प्राणिशास्त्र शिकत होती; मला ती पाट्टी, म्हणजे आजी, म्हणायची. तिरुवैयारूकडच्या शेतांत जाऊन ती बेडकांचे आवाज फोनवर घेऊन यायची. एका दुपारी ती आम्हा दोघींना ते ऐकवत बसली. तिसऱ्या की चौथ्या आवाजाला जयाने हातातलं ताक खाली ठेवलं.

"फणी," ती म्हणाली.

दिव्यश्रीने फोटो दाखवला. नखाएवढा, तपकिरी, गळा स्वतःएवढा फुगवलेला. मी विचारलं, "हे पिल्लू ना?"

"नाही पाट्टी, हा पूर्ण वाढलेला नर. याहून मोठा होतच नाही. पिल्लं ओरडत नाहीत, फक्त मोठे नर ओरडतात. याची पिल्लं तर आरपार दिसतात, काचेसारखी. आणि याचा भाऊबंद आहे एक, लालसर."

जया दिव्यश्रीशी तमिळमध्ये तासभर बोलली. कोण कुठे बसतो, कुणाचा आवाज पाऊस थांबल्यावर, कुणाचा पाऊस येण्याआधी. दिव्यश्री भराभर लिहून घेत होती. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

ती गेल्यावर मी म्हटलं, "जया, माझं चुकलं."

"असू दे. तुझ्या पुस्तकात नव्हतं ते." मग म्हणाली, "श्रीकरला फोन करून सांगशील? आत्या उगाच बोलत नव्हती म्हणून. तुझं ऐकेल तो."

"सांगते की."

एवढीच गोष्ट तिने माझ्याकडे मागितली. चौपन्न वर्षांत दुसरी काही मागितल्याची माझ्याकडे नोंद नाही. श्रीकर दर रविवारी फोन करतो. पहिल्या रविवारी नातवाची परीक्षा होती. दुसऱ्या रविवारी माझं गुडघ्याचं बोलणं निघालं. खरं कारण मला ठाऊक होतं. मुलगा मला विचारून काम करतो याचा मला अभिमान होता, आणि त्याला चुकीचं सांगितलं हे माझ्या तोंडून निघत नव्हतं. दोनदा जयाने विचारलं, "बोललीस?" मी म्हटलं, "पुढच्या रविवारी." तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

पुढच्या थै महिन्यात, संक्रांतीनंतर, तिला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. श्रीकर आला, त्याने सगळं केलं. तेराव्यानंतर तो बॅग भरत होता तेव्हा मी त्याच्या खोलीत गेले आणि पहिल्यापासून सांगितलं. बरणी, पट्टी, माझी नोंद, फणी, कुंकवाचा.

ऐकता ऐकता त्याने बॅगेची चेन लावली. मग म्हणाला, "कुठलं तळं, आई? ते डासांचं? आत्या त्याबद्दल काही बोलली होती?"