शेजारी एक खोली रिकामी आहे

"थांबा हां. आधी बसतंय."

फोन उचलल्यावर आमच्या शेजारच्या काकांचं पहिलं वाक्य हे. हॅलो नाही, नमस्कार नाही. रिसीव्हर कानाला लावायचा, पायाने लाकडी खुर्ची ओढायची, तिचा करकर आवाज थेट पुण्या-नाशकापर्यंत पोचवायचा, ऐसपैस बसायचं आणि मग म्हणायचं, "हां, बोला. किती माणसं?"

मी एकदा म्हटलं, "काकानू, उभ्यान बोललास तर काय पाय झिजतले?"

"उभ्यान बोललां की भांडाण होता," काका म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी तऱ्हा असेल. प्रत्येक वाडीत असा एक जण असतोच, तुमच्याकडेही असेल.

आता काकांना पुण्या-नाशकाचे फोन का यायचे, ते सांगते. आम्ही देवबागला घराच्या मागे दोन खोल्या बांधून न्याहारी-निवास सुरू केला. खोल्या झाल्या, पाटी रंगवली, आणि मग लक्षात आलं की आमच्या माडांत मोबाईलला रेंजच नाही. किनाऱ्यावर जाऊन हात वर केला तर एखादी कांडी दिसायची. पाहुण्यांनी फोन करायचा कुठे? अख्ख्या वाडीत लँडलाईन चालू होता तो फक्त काकांकडे. मी विचारायला गेले तर काका म्हणाले, "घाल माझो नंबर. नायतरी ह्या फोनार कोण बोलता?"

घातला. पाटीवर घातला, कार्डावर घातला, आणि एका पाहुण्याने हौसेने इंटरनेटवरही टाकून दिला. झालं! तेव्हापासून माझ्या धंद्याचा कारभार काकांच्या हातात गेला.

काका मालवणच्या बंदर कचेरीतून निवृत्त झालेले. घरात बोलणं मालवणी, पण फोनवर कचेरीतलं इस्त्रीचं मराठी. आणि खोटं बोलायचं नाही हा बाणा. एक बाई विचारत होत्या, खोलीला एसी आहे का. काका म्हणाले, "एसी नाही. वारा आहे. मे महिन्यात तोही नसतो. मे महिन्यात येऊ नका."

मी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून ओरडले, "काकानू, तुमी माझां दुकान बंद करतलास!"

"अगो, खोटां सांगान बोलवलंय तर हयसर येवन माझ्याच नावान शिमगो करतले," ते शांतपणे म्हणाले.

एकाला लग्नानंतर बायकोला घेऊन यायचं होतं आणि त्याला प्रायव्हेट बीच हवा होता. काका म्हणाले, "समुद्र सरकारी आहे." दुसऱ्याने आवाज खाली आणून विचारलं, प्यायची वगैरे सोय आहे का? "आहे की! इन्सुलीचा नाका ओलांडा, पलीकडे गोव्यात सगळी सोय." तो पाहुणा अर्थातच आला नाही. कोणी पाण्याखाली मासे बघायचे म्हटलं की हे म्हणायचे, "मासे बघायचे तर संध्याकाळी लिलावाला या. पाण्यात डोकं कशाला घालता?"

पुण्याच्या एका गृहस्थांनी तर दोन दिवसांत करायचे सगळे पॉईंट वाचून दाखवले. सिंधुदुर्ग किल्ला, विजयदुर्ग, तारकर्ली, सावंतवाडीचा राजवाडा, वेंगुर्ल्याचं दीपगृह, येता येता एखादं देऊळ. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि जेवणार कधी?" मग त्यांची बैठकच सुरू झाली. विजयदुर्गाला अख्खा दिवस द्या. राजवाडा पुढच्या खेपेला ठेवा. दुपारी झोपा. गृहस्थ आले ते दोनाचे चार दिवस राहिले आणि जाताना मला म्हणाले, "तुमचे मॅनेजर फार कडक आहेत हो." मी मॅनेजरांकडे बघितलं. ते पंचा गुंडाळून माडाच्या आळ्यात पाणी सोडत होते.

न्याहारीचा बेतही तेच फोनवर ठरवून टाकायचे. मग गडग्यावरून हाक यायची, "गो, नाशिकची चार माणसां, शुक्रवारी. सकाळी घावणे आणि नारळाचो रस सांगितलंय." सांगायला यांचं काय जातं? तांदूळ वाटणारी मी!

पण एक प्रश्न ते प्रत्येकाला न चुकता विचारायचे. "लहान मुलं आहेत का?" आहेत म्हटलं की आवाजच बदलायचा. मग ओहोटी कधी, पाणी कुठे उथळ, शंख कुठे सापडतात, सगळं रसभरीत सांगत बसायचे. फोन ठेवल्यावर मात्र थोडा वेळ तसेच खुर्चीत असायचे.

त्याचं कारण वाडीत सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. काकांना एकच मुलगी. शिकायला पुण्याला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथेच लग्न ठरवलं. मुलगा अकोल्याकडचा, आमच्यातला नव्हे. तिने फोन करून सांगितलं तेव्हा काका तिथेच उभ्या उभ्या गरजले होते, "परत या घराची पायरी चढू नकोस." आणि मुलगी बापाच्याच वळणाची. नाही म्हणजे नाही. वर्षं गेली. ती आली नाही, यांनी बोलावलं नाही. काकीने घराची मागची खोली मात्र रोज झाडायची सोडली नाही. काकीला एकदा विचारलं, तर म्हणाली, "खोली आसा, झाडतंय."

मी तो नंबर गावभर, देशभर वाटला, तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही की हा नंबर लहानपणापासून तोंडपाठ असलेलं एक माणूस जगात आहे.

मार्चचे दिवस होते. परीक्षांमुळे पाहुणे नाहीत, माझ्या दोन्ही खोल्या रिकाम्या, चादरी घड्या घालून ठेवलेल्या. मी काकांच्या पडवीत काकीबरोबर ओले काजू फोडत बसले होते. त्याचा चीक हाताला भाजतो, म्हणून दोघींचे हात खोबरेल तेलाने माखलेले. फोन वाजला. काका उठले, म्हणाले, "थांबा हां. आधी बसतंय." खुर्ची करकरली.

तिकडून काय बोलणं झालं ते मला तिनेच नंतर सांगितलं, म्हणून दोन्ही बाजू लिहिते.

"खोली मिळेल का?" तिने विचारलं.

काकांनी रिसीव्हर कानावर घट्ट दाबला. आम्हाला वाटलं, लाईन गेली. मग घसा साफ केला आणि कचेरीतल्या मराठीत विचारलं, "किती माणसं?"

"तिघं."

"लहान मुलं आहेत का?"

"एक आहे. मुलगी. चौथं वर्ष लागलंय."

काकांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर नेला. "समुद्राला घाबरते का?"

"माहीत नाही. तिने अजून बघितलाच नाही."

"चेडवान अजून समुद्र बघूक नाय?" इस्त्री गेली, मराठी गेलं, काकांचा आवाजच चिरकला.

माझ्या शेजारी काकीचा हात थांबला.

"दाखवायचा होता," ती म्हणाली. "पण तिथे आमच्यासाठी खोली रिकामी आहे की नाही, कळत नव्हतं."

काका आमच्याकडे पाठ करून बसले होते. म्हणाले, "आमच्या खोल्या सगळ्या भरलेल्या आहेत."

मी ताडकन उठले. भरलेल्या? दोन्ही खोल्यांत झुरळसुद्धा नव्हतं! आलेलं गिऱ्हाईक हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत परत पाठवतो म्हणजे काय! मी रिसीव्हर हिसकावायलाच निघाले होते, तेवढ्यात काकीने तेलकट हाताने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की मी गपकन खाली बसले आणि मग मला कळलं.

"मग आम्ही काय करायचं?" तिने विचारलं.

"शेजारी एक घर आहे. त्यांची मागची खोली रिकामी आहे. पण घरमालक तिरसट आहे. चालेल?"

"बदललेत का काही ते?"

"फारसो नाय," काका म्हणाले. "पण आता बसान बोलता."

ती हसली की रडली, तिचं तिलाही आठवत नाही. म्हणाली, "आणि घरमालकीण?"

काकांनी मागे न बघता रिसीव्हर लांब केला. काकी उठली, पदराला हात पुसले आणि काल संध्याकाळीच बोलणं झाल्यासारखं म्हणाली, "ओले काजीगर सरूच्या आदी ये गो."

फोन ठेवल्यावर काकांनी हळूच विचारलं, "नात आसा ती तुका म्हायत होतां?"

"माका सगळां म्हायत आसा. कुडाळच्या भयणीन सांगितल्यान. तुमी कधी इचारलास?"

मला दोघांसमोर हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

पुढचा आठवडा काकांनी वाडीला वेड लावलं. दुसऱ्यांचे पॉईंट कापणारा माणूस, त्याने लेकीच्या तीन दिवसांत काय काय कोंबावं! पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग, दुपारी तारकर्ली, संध्याकाळी लिलाव. दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग, परतताना देवगड, तिसऱ्या दिवशी सावंतवाडीची लाकडी खेळणी. रोज सकाळी गडग्यावर येऊन मला नवा बेत ऐकवायचे. मी म्हटलं, "काकानू, आणि जेवतली कधी ती?" तेव्हा पहिल्यांदा मी या माणसाला ओशाळताना बघितलं.

आदल्या दिवशी मात्र अंगात आलं. "मी काय कुडाळक जाणय नाय. तुझ्या घोवाची रिक्षा धाड. येवचां तर येतली." मला धडकीच भरली. ती येईल, हा पडवीत तोंड फिरवून बसेल आणि ती आल्या पावली परत जाईल. मग मात्र पुन्हा कधी येणार नाही. काकी नुसती खोली पुसत राहिली.

सकाळी आम्ही नवराबायको रिक्षा घेऊन कुडाळ स्टेशनावर पोचलो, तर फलाटावर काका! इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री. पहिल्या एसटीने येऊन उभे होते. म्हणाले, "गाडयेची चवकशी करूक इललंय."

गाडी आली. मुलगी उतरली, मागून जावई, त्याच्या कडेवर पेंगुळलेली पोर. जावई पाया पडायला वाकला तर काका गडबडून मागे सरले आणि म्हणाले, "प्रवास ठीक झाला ना? जागा मिळाली ना बसायला?" लेकीकडे बघेनात. रिक्षात पुढे, आमच्या ह्यांच्या शेजारी अंग चोरून बसले आणि अख्ख्या वाटेत फक्त छत्रीशी खेळत राहिले.

घर आलं. सगळे घरापुढच्या खळ्यात उतरले. काकीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. आणि मुलगी पायरीपाशी थांबली. पाय उचलेना. जावई तिच्याकडे बघतोय, काकी नवऱ्याकडे बघतेय, मी देवाला आळवतेय. काकांना सगळं कळत होतं. एवढी वर्षं ते वाक्य त्यांनाच जास्त टोचलं असणार. ते वर चढले, पडवीत उभे राहिले, पुन्हा खाली उतरून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. मग तिच्या हातातली बॅग काढून घेतली.

"पाव्हण्यांनू, वर येवा," ते म्हणाले. "खोली बघा. पसंत पडली तर ऱ्हवा."

ती चढली. तिने खोली बघितलीच नाही, तिथेच पडवीत आईच्या गळ्यात पडली. काका बॅग हातात धरून बराच वेळ उभे होते. ठेवायची कुठे ते त्यांना सुचत नव्हतं.

एवढ्या बेतांतलं पुढे झालं फक्त एक, सिंधुदुर्ग किल्ला. होडीत जावयाने काकांचा दंड धरला होता, काकांनी नातीला, आणि तिघेही एकमेकांना "घाबरू नको" म्हणत होते. बाकी विजयदुर्ग राहिला, देवगड राहिलं, राजवाडा राहिला, कारण पोर घरासमोरच्या वाळूतून उठायलाच तयार नव्हती. उचललं की भोकाड. काकाही मग तिथेच पाण्यात पाय सोडून बसून राहायचे. त्या तीन दिवसांत फोन वाजला की मीच धावत जाऊन घ्यायची. बसून नव्हे, उभ्यानेच. माझं काही भांडण झालं नाही.

तीनही दिवस बापलेकीचा तो खेळ मात्र चालू होता. हे तिला "पाव्हण्यांनू, जेवक चला" म्हणायचे, ती यांना "मालक, गरम पाणी मिळेल का?" विचारायची. मला वाटायचं, आता पुरे झालं, एकदा सरळ बोला की! पण सरळ बोलायला दोघांनाही भीती वाटत असावी.

निघायचा दिवस आला. रिक्षात सामान भरलं, काकीने काजूगरांची पिशवी दिली, पोर आजोबांच्या मानेला लटकलेली. मुलीने रिक्षात एक पाय ठेवला आणि थांबली.

"मालक," ती हसत म्हणाली, "चतुर्थीला खोली मिळेल का?"

काकांनी नातीला खाली ठेवलं. "नाय," ते म्हणाले. "चवथीक आमी पाव्हण्यांका खोली देणव नाय."

काकीने डोळे मिटून घेतले. रिक्षा सुरू करायला गेलेला ह्यांचा हात तिथेच राहिला.

"चवथीक घरची माणसां येतत, बाय," काका म्हणाले. मग मान वर करून जावयाकडे बघितलं. "तुमी चार दिवस आदी येवा. गणपतीर माटवी बांधूची आसता. माझो हात आता थंयसर पोचणा नाय."

माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, हे त्या अकोल्याच्या मुलाला कुठून ठाऊक असणार? पण त्याने विचारलं नाही. "येतो, बाबा," म्हणाला, आणि या खेपेला तो पाया पडायला वाकला तेव्हा काका मागे सरले नाहीत.