उन्हात ठेवलेलं पाणी

"ऊन टाळा," असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि आईनं ते पदराला गाठ मारून घेतलं. नव्वद साल उजाडायला थोडाच अवकाश होता. मी एकवीस वर्षांची. गालांवर लाल चट्टे, पायांना सूज, लघवीला फेस. शरीराची राखण करणारी शक्तीच माझ्या मूत्रपिंडांवर उठली आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि वडिलांना समजावं म्हणून पुढे म्हणाले, "कुंपणच शेत खातंय." ऊन लागलं की हा आजार चेकाळतो. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही.

यावलला परतल्यावर आईनं मधल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या. वडील केळी पिकवणारे. घडाला ऊन लागलं की तो काळा पडतो, वाळकी पानं बांधून तो झाकायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. छपरातला झरोका त्यांनीच बुजवला.

आजार दाबायला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी माझा चेहरा भाकरीसारखा फुगला. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "पोरगी अंगानं भरली, आता उजवून टाका." मी हसले. हसायला काही वाटावं लागतं असं नाही.

रोज सकाळी आई काचेच्या नळीत माझी लघवी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. डॉक्टरांनीच शिकवलं होतं. नळीत पांढरं साकळलं म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिनं गळताहेत. नळी स्वच्छ असली की आई चहा टाकायची. पांढरी असली तरी चहाच टाकायची.

अशी दोन वर्षं गेली. मग गुडघे आणि कंबर दुखायला लागली. जेवून पाटावरून उठताना भिंत धरावी लागे. पुन्हा एसटी, पुन्हा धुळे. या वेळी डॉक्टर नवे होते, तरुण. त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं आणि पंधरवड्यानं आम्हाला बोलावून सांगितलं की हाडं ठिसूळ झाली आहेत, ड जीवनसत्त्व फार कमी आहे. ते उन्हानं कातडीत तयार होतं आणि मूत्रपिंड त्याला कामाला लावतं. माझ्याकडे ऊनही नव्हतं आणि मूत्रपिंडही धड नव्हतं. गोळ्यांनी हाडं पोखरली ती वेगळीच. हेच जीवनसत्त्व त्या उठलेल्या कुंपणालाही आवरतं, असं काही जणांना वाटतं म्हणे, पण खात्रीनं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. ऊन मात्र अजूनही नकोच. त्यांनी त्या जीवनसत्त्वाच्या पुड्या लिहून दिल्या, आठवड्याला एक, दुधातून.

आमच्या अंगणात पापड अर्ध्या दिवसात वाळतो आणि माझ्या रक्तात उन्हाचा पत्ता नाही. मला याचं हसू आलं. आईला नाही आलं.

परतताना एसटीत, जळगाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "मी तुले अंधारात ठेवलं, त्याच्यानं तं नाही ना झालं हे?"

मी खिडकीबाहेरच्या केळीच्या बागा बघत राहिले. उत्तर शोधावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पाण्यानं भरलेला तांब्याचा हंडा अंगणात ठेवला. सावली सरकली की हंडाही सरकवायची. संध्याकाळी त्या पाण्यानं मला आंघोळ घातली, लहान मुलाला घालतात तशी, गुडघ्यांवर सावकाश धार धरून. "तुले उन्हात जाता येत नाही ना," ती म्हणाली, "मंग ऊनच घरात आणू."

पुढच्या खेपेला ती औषधांच्या दुकानात गेलेली असताना मी डॉक्टरांना विचारलं. पाण्यातून असं काही मिळत नाही, ते म्हणाले. आईला मी सांगितलं नाही. हंडा रोज उन्हात जात राहिला.

पुड्यांनी गुण दिला. नळी कधी पांढरी, कधी स्वच्छ, ते चालूच होतं, पण एका दुपारी जेवून मी भिंत न धरता उठले. आई ताटं उचलत होती. ती तशीच थांबली.

"कशानं गुण आला तुले?" तिनं विचारलं.

या वेळी मी तिच्याकडे पाहिलं.

"पाण्यानं," मी म्हणाले.

तिनं ताटं मोरीत ठेवली आणि बाहेर जाऊन हंडा सावलीतून उन्हात ओढला.