कॅमेऱ्याला घातलेला हार

कोणता कॅमेरा घ्यावा, हे विचारायला बंगळूरच्या बसवनगुडीतल्या माझ्या घरी आठवड्याला एक तरी माणूस येतोच. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्याला सगळंच कळतं, असा लोकांचा समज. मी मॉडेलचं नाव सांगत नाही, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची केस सांगतो. इतकी वर्षं झाली, पण ती माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात सकाळची हजेरी चालू असतानाच फोन आला. कारखान्यातल्या पितळी सळ्या गेल्या होत्या. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे होत्या: मालक, मॅनेजर आणि लेथवर सव्वीस वर्षं काम केलेले एक कारागीर. मालक सहकुटुंब म्हैसूरचा दसरा बघायला गेलेले, ते परतीच्या वाटेवर होते. गेटवर उंच बसवलेला महागडा कॅमेरा होता, पण त्याचं रेकॉर्डिंग मालकांच्या केबिनमध्ये कुलूपबंद होतं आणि केबिनची किल्ली फक्त मालकांकडे होती.

मॅनेजरने मला बाजूला घेऊन हळू आवाजात खबर दिली. खंडेनवमीच्या पूजेत त्या कारागिराने कॅमेऱ्याला हार घातला, साडेअकरापासून चित्र काळं आहे, आता काय ते तुम्हीच समजा. खबर देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे डायरीत उतरवायचे, ही माझी सवय. त्यावरून सहकारी माझी टिंगल करत. त्या दिवशीही मी उतरवले.

जबाबात मॅनेजरने सांगितलं, की तो नवमीच्या आदल्या दिवशीच तुमकूरजवळच्या गावी गेला होता, तिथे फोनला रेंज नव्हती, आणि आज सकाळीच तो परतला.

कारागीर आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातले. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून ते मराठीत बोलू लागले. मी मुद्दाम कन्नडमध्येच प्रश्न विचारले. आपला माणूस म्हणून सूट दिली, असं कुणी म्हणायला नको होतं. हार का घातला, एवढंच मी विचारलं.

"सार, लेथला घातला, तराजूला घातला," ते म्हणाले. "कॅमेरा पण दिवसरात कामच करतो की. त्याला एकट्याला कसं सोडायचं?"

मी उठून कारखाना पाहिला. ड्रिल मशीनला हार, हजेरीच्या यंत्राला हार, आग विझवायच्या सिलिंडरलासुद्धा हार आणि कुंकू. माझा सब-इन्स्पेक्टर म्हणाला, ठाण्यात नेऊ, दोन तासांत बोलेल. कारागिराने ते ऐकलं.

"न्या सार. पण या पोरांच्या समोरून नेऊ नका. सगळ्यांना मीच काम शिकवलंय."

मी त्यांना तिथेच स्टुलावर बसवून ठेवलं आणि मालकांची वाट पाहिली.

मालक दुपारी आले आणि आम्ही रेकॉर्डिंग लावलं. पूजा दहाला झाली होती. हार घातल्यावरही चित्र स्वच्छ होतं. गेटपुढे दृष्टीचा कोहळा फुटला, माणसं मिठाईचे डबे घेऊन अकराच्या आत घरी गेली. रिकाम्या आवारात वारा सुटला आणि बरोबर अकरा चौतीसला हार घसरून काचेवर आला. पुढे सगळा अंधार.

मी डायरी उघडली. मालकांना विचारलं, कॅमेऱ्याचं चालू चित्र कुणाकुणाच्या फोनवर दिसतं? माझ्या आणि मॅनेजरच्या, ते म्हणाले, मागचं रेकॉर्डिंग मात्र फक्त या केबिनमध्येच. हार घसरला तेव्हा ते म्हैसूरच्या गर्दीत होते, फोन बायकोच्या पर्समध्ये.

मॅनेजरला मी एकच प्रश्न विचारला. "तुम्ही गावी होतात, फोनला रेंज नव्हती. मग साडेअकरा तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याने पाणी मागितलं.

उरलेलं काम समोरच्या बेकरीने केलं. तिचा कॅमेरा स्वस्तातला, पण चेहऱ्याच्या उंचीवर बसवलेला. बिस्किटांच्या बरणीत हात घालणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे, असा बेकरीवाल्या अण्णांचा हट्ट होता. त्यात दिसलं, दसऱ्याच्या दुपारी मागे कारखान्याच्या गेटवर टेम्पोत माल चढत होता आणि पुढे मॅनेजर चहात खारी बुडवत उभा होता. चोरी करतानाही माणसाची चहाची वेळ चुकत नाही, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलंय. ते चित्र पाहिल्यावर तो बोलला. संध्याकाळपर्यंत यशवंतपूरच्या एका भंगारवाल्याकडून सगळा माल परत मिळाला.

म्हणून मी लोकांना सांगतो, कॅमेरा महाग आहे की स्वस्त हे नंतर बघा. आधी त्यात चेहरा दिसतो का ते बघा, आणि तो कुणाकुणाच्या फोनवर दिसतो ते लिहून ठेवा. मला बक्षिसं मिळाली, पदकही मिळालं. पण खरा अभिमान वाटतो तो त्या दिवशी एका माणसाला स्टुलावर बसवून ठेवल्याचा.

पुढच्या खंडेनवमीला मालकांनी मला बोलावलं. कॅमेरा आता खाली, चेहऱ्याच्या उंचीवर आला होता. त्याच कारागिराने सगळ्या यंत्रांना हार घातले, पण कॅमेऱ्याजवळ येऊन ते थबकले आणि मागे सरले. मालकांनी शेवटचा हार उचलला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो कॅमेऱ्याखालच्या खिळ्याला अडकवला, दोनदा ओढून पाहिला आणि समोर उभं राहून हात जोडले. मालकांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. त्यात कारागिराचा चेहरा स्वच्छ दिसत होता.