बसऱ्याच्या वाळवंटातलं जनावर

आता पोरंटोरंही ज्याला डायनासोर म्हणतात, ते जनावर माझ्या नवऱ्याने बसऱ्यापलीकडच्या वाळवंटात जिवंत पाहिलं होतं. हसू नका. आमच्या अख्ख्या बोर्ली गावाने ते मान्य केलं होतं, मग तुम्ही कोण?

बसऱ्याहून खजूर आणणाऱ्या गलबतावर तो खलाशी म्हणून गेला, तो तीन वर्षं परतलाच नाही. ना निरोप, ना सांगावा. वाट बघून बघून मी अर्धी झाले. आणि एक दिवस नवाबसाहेब अत्तर लावून दारात हजर! "इतके दिवस होतात कुठे?" म्हटलं, तर नुसतं खाकरणं. नेमकं त्याच आठवड्यात मुंबईहून बोटीने वर्तमानपत्र आलं. कुठल्याशा वाळवंटात गोऱ्या साहेबांना लाखो वर्षांपूर्वीचे अजस्र सरडे हिंडताना दिसले म्हणे. झालं! नवऱ्याला छापील सबब मिळाली. बसऱ्याला उतरून उंटांच्या तांड्याबरोबर गेला, तर त्या जनावराने वाट अडवली, म्हणून तांडा हलेना, म्हणून उशीर. तीन वर्षं! बिचाऱ्या जनावराला दुसरा उद्योगच नसावा.

पडवीत रोज बैठक भरायची. चहा मी करायची, जनावर तो वाढवायचा. सोमवारी उंटाएवढं होतं, ते जुम्म्यापर्यंत मशिदीच्या मिनाराला टेकलं. परसात घोरपड दिसली की कोयता घेऊन धावणारी माणसं आ वासून ऐकायची. मारेना का थापा, मी म्हणायची. माणूस घरी आलाय, पुन्हा जाऊ नये म्हणजे मिळवली. रोज नमाजात तेवढंच मागत होते.

एका दुपारी दाराआडून मला फिस्सकन हसू आलं. त्याला झोंबलं. माझ्याकडे वळून तावातावाने म्हणाला, "हसतेस काय? अल्ला कसम, आमच्या अंगणापर्यंत आलं होतं ते!"

पावलं केवढी होती, शेपूट केवढी, लोकांनी विचारायला सुरुवात केली. मी मात्र त्या 'आमच्या'पाशीच अडकले. बायकोशी बोलताना माणूस 'आपलं' अंगण म्हणतो. 'आमचं' म्हणजे त्यात मी नाही.  तरी आवाज मऊ ठेवून विचारलं, "या अल्ला! मग ती केवढी घाबरली असेल हो?"

"घाबरेल नाही तर काय!" तो रंगात आला होता. "पोटुशी बाई ती!"

पडवीतले सगळे खाली बघायला लागले. जनावराचं पुढे काय झालं, ते कोणी विचारलं नाही.